आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कशी जाते?

उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. फायरमनना तिचे 3 मार्ग ओळखावे लागतात.

वहन: लोखंडी तुळई किंवा पाइप तापला की भिंतीपलीकडचं सामानही पेटू शकतं.

अभिसरण: गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि जिन्यातून वरचे मजले गाठतो.

प्रारण: ज्वाळा न टेकताही समोरचा पडदा पेटतो. छताखालचा धूर साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसला पोहोचला की खोलीतलं सगळं जवळपास एकाच वेळी पेट घेतं. हाच फ्लॅशओव्हर.

तुम्ही अडकलात तर? बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागलं तर उघडू नका. बाहेर पडताना धुराखालून वाकून जा आणि मागचं दार ओढून घ्या.