शस्त्रक्रियेपूर्वीचा उपास : एका वैद्यकीय रूढीची जडणघडण

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री बारानंतर रुग्णाने पाण्याचा घोटही घेऊ नये, हा नियम रुग्णालयांत इतका अंगवळणी पडला आहे की तो भूलशास्त्राइतकाच जुना असावा असे वाटते. वस्तुतः ईथरची भूल १८४६ मध्ये बोस्टन येथे जाहीरपणे यशस्वी झाली, तर हा सरसकट नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. मधल्या काळात घन अन्न आणि पातळ पेय यांत भेद करणारी, अधिक डोळस पद्धत प्रचलित होती.

नियमामागची भीती मात्र खरी आहे. भुलीत गिळण्याची व खोकण्याची स्वाभाविक प्रतिक्रिया लोपते, त्यामुळे जठरातील अन्न किंवा आम्ल घशात उलटून श्वासनलिकेत उतरू शकते. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील विनलेटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली, तेव्हा क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी दोष क्लोरोफॉर्मला न देता तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेल्या पाण्याला व ब्रँडीला दिला. लंडनचे भूलतज्ज्ञ जॉन स्नो यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते औषधाच्या तीव्र वाफेने तिचे हृदयच बंद पडले होते. श्वास आधी थांबतो की हृदय, हा वाद पुढे इतका चिघळला की त्याचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ मध्ये हैदराबाद संस्थानात निजामाच्या खर्चाने दोन आयोग नेमले गेले.

पोटात काय असावे याविषयीचे ज्ञान या वादाच्या आधीच उपलब्ध होते. विल्यम बोमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी, बंदुकीच्या जखमेमुळे जठराला कायमचे छिद्र राहिलेल्या अॅलेक्सिस सेंट मार्टिन याच्यावर वर्षानुवर्षे निरीक्षणे करून १८३३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पाणी जठरातून लवकर निघून जाते, घन अन्नाला मात्र काही तास लागतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी लिहिताना याच भेदाला धरून सल्ला दिला : जठरात घन पदार्थ नसावा, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचा पातळ काढा दिल्यास रुग्णाला ते हितकारकच ठरते. एका वाक्यात मावणारा हा सल्ला आजच्या मार्गदर्शक तत्त्वांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच तो विसरला जाणे अधिक खेदाचे आहे.

विस्मरणाचा आरंभ प्रसूतिगृहात झाला. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ प्रसूतींचा आढावा घेऊन जठरातील द्रव्य फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणे नोंदवली. त्यांपैकी दोघी दगावल्या, त्याही घन अन्नाने श्वासमार्ग बंद होऊन. सशांवरील प्रयोगांतून त्यांनी आम्लाने फुप्फुसाला होणारी इजाही दाखवून दिली आणि प्रसूतिवेदनांच्या काळात तोंडावाटे काही देऊ नये असे सुचवले. प्रसूतीच्या वेळी जठर सावकाश रिकामे होते, म्हणून त्या क्षेत्रापुरती ही सूचना समंजस होती. पुढे ती नियोजित शस्त्रक्रियेच्या धडधाकट रुग्णालाही लावली गेली. १९७४ मध्ये माकडावरील प्राथमिक प्रयोगाच्या आधारे, जठरात २५ मिलिलीटरहून अधिक आम्ल द्रव असणे धोक्याचे, असा आकडा पुढे आला आणि अपुऱ्या पुराव्यावर उभ्या राहिलेल्या या आकड्याने पाण्यालाही संशयित ठरवले. शस्त्रक्रियांचा क्रम ऐनवेळी बदलतो, त्यामुळे केसपेपरवर सर्वांसाठी ‘एनबीएम’ (निल बाय माउथ, म्हणजे तोंडावाटे काहीही नाही) लिहून टाकणे कर्मचाऱ्यांना सोयीचे होते. तास मोजण्यापेक्षा मध्यरात्र लक्षात ठेवणे सोपे.

या सोयीची किंमत हृदयाला आणि रक्ताभिसरणाला मोजावी लागली. दुपारी शस्त्रक्रिया असलेला रुग्ण पाण्याविना बारा-चौदा तास राहतो, शरीरातील द्रव कमी होतो, आणि रक्तवाहिन्या सैलावणारी भुलीची औषधे दिली की रक्तदाब अधिकच खाली येतो. ‘काही घ्यायचे नाही’ या आदेशाचा शब्दशः अर्थ लावून रक्तदाबाची गोळीही टाळली जाते. हृदयाची गती मंदावणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे अशी अचानक बंद झाल्यास हृदयावर ताण येतो, म्हणून ती पाण्याच्या घोटाबरोबर चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. रोज चहा-कॉफी घेणाऱ्याचे कॅफीन एकाएकी तुटले की मेंदूतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि शस्त्रक्रियेनंतर जी डोकेदुखी होते, तिचे खापर बहुधा भुलीवर फोडले जाते.

रूढीला पहिला मोठा धक्का कॅनडातील कॅलगरी येथे बसला. तेथील रॉजर मॉल्टबी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन तास १५० मिलिलीटर पाणी प्यालेल्यांच्या जठरात उपाशी राहिलेल्यांपेक्षा अधिक नव्हे, उलट कमीच द्रव होता. १९९९ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आरपार दिसणाऱ्या, कण नसलेल्या द्रवांना दोन तासांपर्यंत आणि हलक्या आहाराला सहा तासांपर्यंत मुभा दिली. २०२० मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही निर्मळ द्रवांसाठी दोन तासांचीच मर्यादा मान्य केली.

महाराष्ट्रातील घरांच्या दृष्टीने यातील एक भेद कळीचा आहे. निर्मळ द्रवात कोरा चहा आणि काळी कॉफी बसते. दूध जठरात आम्लाने साकळते आणि घन अन्नासारखे रेंगाळते, त्यामुळे निम्मे दूध घालून उकळलेला नेहमीचा चहा सहा तासांच्या नियमात जातो. मधुमेहामुळे जठर मंदावलेले रुग्ण, गर्भवती, आतड्यात अडथळा असलेले आणि तातडीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण यांना ही मुभा जशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरताच रुग्णाने वा नातेवाइकांनी शेवटचे जेवण, शेवटचे पाणी आणि सकाळची गोळी यांच्या नेमक्या वेळा भूलतज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.