जिवाणूजन्य योनिविकारावरील प्रतिजैविक उपचार

जिवाणूजन्य योनिविकार अर्थात बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये वारंवार आढळणारा विकार असून त्यावर मुख्यतः मेट्रोनिडाझोल व क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके वापरली जातात. बोलीभाषेत ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारीमागील हे एक प्रमुख कारण होय.

कारण व निदान

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करून आम्लता टिकवतात. त्यांची संख्या घटून गार्डनेरेला व इतर विनॉक्सी जिवाणू वाढले की पातळ, करडा, माशासारखा वास येणारा स्राव होऊ लागतो; अनेकींमध्ये मात्र लक्षणे नसतात. बुरशीजन्य संसर्गात खाज व दह्यासारखा घट्ट स्राव आढळतो. त्यावरील औषधांचा येथे उपयोग होत नाही. निदानासाठी १९८३ साली मांडलेले ॲम्सेल निकष वापरतात. एकसंध पातळ स्राव, ४.५ पेक्षा अधिक सामू, अल्कली मिसळताच येणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ‘क्लू’ पेशी या चारांपैकी तीन आढळल्यास निदान निश्चित होते.

उपचार

* मेट्रोनिडाझोल : ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस, किंवा ०.७५ टक्के जेल योनिमार्गात रोज एकदा, ५ दिवस.
* क्लिंडामायसिन : २ टक्के मलम योनिमार्गात रात्री, ७ दिवस. हे मलम तेलयुक्त असल्याने रबरी निरोध कमकुवत होतो.
* पर्यायी औषधे : टिनिडाझोल व सेक्निडाझोल.

ही औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. या विकाराचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळला असल्याने गर्भवतीने लक्षणे असल्यास तपासणी टाळू नये.

पुनरावृत्ती

उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास पुन्हा होऊ शकतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पुरुष जोडीदारासही औषधे दिली असता १२ आठवड्यांतील पुनरावृत्ती सुमारे ३५ टक्के, तर केवळ स्त्रीवर उपचार केल्यास सुमारे ६३ टक्के आढळली. पाण्याच्या धारेने योनिमार्ग आतून धुण्याची सवयही धोका वाढवते.

महाराष्ट्रातील अभ्यास

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. औषध उपलब्ध असूनही संकोचामुळे व सोयीअभावी ते रुग्णापर्यंत पोहोचत नाही, हे वास्तव या आकड्यांतून स्पष्ट होते.