खडकांतील चाकोरी

खेड्यांत वाढलेल्या मनुष्यास चाकोरी म्हणजे काय हें सांगावयास नको. आपल्याकडे ती चिखलांत उमटते व पुढच्या पावसांत बुजते. खडकांत ५ फुटांपर्यंत खोल गेलेली चाकोरी मीं पाहिली ती अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानांत, गर्नसी गांवाजवळ. चिरंजिवांच्या मोटारींतून आम्ही प्लॅट नदीच्या कांठानें पश्चिमेस चाललों होतों.

१८४३ सालीं सुमारें १,००० माणसें बैलगाड्या जोडून मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स गांवाहून ऑरेगॉनकडे निघालीं. १८६९ मध्यें आगगाडीचा मार्ग पुरा होईपर्यंत ह्या वाटेनें लाखों लोक गेले. ऑरेगॉनपर्यंतचें अंतर सुमारें २,००० मैल. त्यास पांच-सहा महिने लागत. गाड्या सामानानें भरलेल्या, म्हणून बहुतेक माणसें पायींच चालत. माळावर सर्पण नाहीं. तेव्हां रानगव्यांचें वाळलेलें शेण जाळून स्वयंपाक होई. १८४९ नंतरच्या चार वर्षांत पटकीनें ह्या वाटेवर हजारों बळी घेतले. त्यांच्या धैर्यापुढें मान लवते.

परंतु वाट ज्यांच्या भूमींतून गेली, त्यांचें काय? गर्नसीपासून जवळच लॅरामीचा किल्ला आहे. त्याच्या नांवानें ओळखला जाणारा तह १८५१ सालीं लाकोटा, शायेन आदि जमातींशीं झाला. सरकारनें प्रवाशांकरितां वाट मागितली. मोबदला म्हणून ५० वर्षें दरसाल ५०,००० डॉलरांचा माल देऊं केला. सेनेटनें मागाहून त्या ५० वर्षांचीं १० केलीं. १८५४ सालीं एका प्रवाशाची चुकलेली गाय एका लाकोटानें मारली. जमातीचा नायक भरपाई देण्यास तयार होता. तरीहि ग्रॅटन नांवाचा तरुण अधिकारी २९ शिपाई व तोफा घेऊन चालून गेला. नायक घायाळ होऊन मेला आणि ग्रॅटनची तुकडीहि नाश पावली. एका गाईवरून पेटलेलें हें वैर पुढें कित्येक वर्षें शमलें नाहीं.

मीं इतिहास शिकविला. नकाशावर तांबड्या खडूनें ही वाट ओढून ‘वसाहतींचा विस्तार’ असें मीं मुलांना लिहून दिलें. ती रेघ कोणाच्या अंगणांतून जाते, हें ना मुलांनीं विचारलें, ना मीं सांगितलें. त्या खडकावर उभें राहिल्यावर, म्हातारपणीं कां होईना, तो राहिलेला धडा पुरा करावा असें वाटलें. म्हणून आज आपणांपुढें बोललों.