तेप्पानयाकी

‘तेप्पान’ म्हणजे लोखंडी पत्रा आणि ‘याकी’ म्हणजे भाजणे, असा हा सरळ समास आहे. परंतु ज्या जपान देशात इ. स. 675 मध्ये सम्राट तेन्मूच्या फर्मानाने गोमांसभक्षणावर निर्बंध आले आणि 1872 मध्ये सम्राट मेइजीने ते स्वतः सेवन केल्याचे जाहीर होईपर्यंत मनाची अढी सैल झाली नाही, त्याच देशातील कोबे शहरी 1945 मध्ये ‘मिसोनो’ या भोजनगृहाने तापल्या पत्र्यावर, ग्राहकाच्या समक्ष, ते मांस भाजू लागावे, हे मला या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. महायुद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना ही रीत विशेष भावली. पुढे 1964 मध्ये न्यूयॉर्क येथे याच पद्धतीचे ‘बेनिहाना’ हे भोजनगृह निघाले. अमेरिकेत मात्र या पाकपद्धतीस ‘हिबाची’ हेच नाव रूढ झाले, आणि हा शब्दावर अन्यायच होय, कारण मूळ हिबाची ही निखाऱ्यांची, हात शेकण्याची शेगडी.