लाकडावर उगवलेली अळंबी खायला चालते का? जपानची 'त्सुकियोताके' काय सांगते

जपानमध्ये अळंबीमुळे होणाऱ्या विषबाधांमध्ये त्सुकियोताकेचं नाव सगळ्यात वर असतं. मेलेल्या बीच झाडांच्या खोडांवर थरांनी उगवणारी ही अळंबी शिताके किंवा धिंगरीसारखी (ऑइस्टर मशरूम) दिसते आणि लोक फसतात.

ओळखायची कशी? आधी छत्री उलटी करायची. खालचे पातळ पापुद्रे म्हणजे गिल्स. धिंगरीत ते देठावर सरळ उतरत जातात. त्सुकियोताकेत गिल्स आणि देठाच्या मध्ये कड्यासारखा उंचवटा असतो.

एरवी बीजाणूंचा रंग मोठा पुरावा. छत्री कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकली की रात्रभरात ठसा उमटतो. (कागद अर्धा काळा हवा, पांढऱ्यावर पांढरा ठसा दिसणार कसा?) इथे मात्र ही चाचणी कामाची नाही, कारण विषारी आणि खाण्याची, दोन्हींचा ठसा पांढरटच.

मग देठ उभा चिरायचा. त्सुकियोताकेच्या आत काळसर डाग असतो. बहुतेक वेळा. काहींत तो नसतोही! ग्रुपवर आलेल्या एका फोटोत यातलं जवळपास काहीच दिसत नाही.

खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात उलट्या, जुलाब सुरू होतात. शिजवल्याने विष जात नाही.