हेपॅटायटिस बी : गांबियातील वस्तीपातळीवरील तपासणीचा खर्च आणि लाभ

हेपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार कित्येक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो. रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तोपर्यंत अनेकदा सिरोसिस किंवा यकृताच्या कर्करोगाने त्याला ग्रासलेले असते. त्यामुळे लक्षणे दिसण्यापूर्वीच तपासणी करणे गरीब देशांना परवडेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात त्याचे उत्तर शोधण्यात आले.

गांबियात या आजारावरील लसीकरणाचा अभ्यास १९८६ मध्ये सुरू झाला आणि १९९० पासून देशभरातील बालकांना लस मिळू लागली. मात्र, त्यापूर्वी जन्मलेले बहुसंख्य प्रौढ या संरक्षणापासून वंचित राहिले.

युरोपीय संघाच्या निधीतून राबविलेल्या ‘प्रोलिफिका’ प्रकल्पात २०११ ते २०१४ या काळात वस्त्यांमध्ये जाऊन ३० वर्षे व त्यावरील प्रौढांची तपासणी करण्यात आली. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्ताच्या या चाचणीत ५,९८० जण सहभागी झाले. संसर्गाचे प्रमाण ८.८ टक्के आढळले. बाधितांपैकी ८१.३ टक्के पुढील तपासणीसाठी आले, त्यांतील ४.४ टक्के रुग्णांनाच त्या वेळच्या निकषांनुसार तातडीच्या औषधोपचाराची गरज होती.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, आजारपण वा अकाली मृत्यूमुळे वाया जाणारे निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचविण्यासाठी या पद्धतीत ५४० डॉलर अतिरिक्त खर्च येतो. गांबियाचे दरडोई सकल देशांतर्गत उत्पादन तेव्हा ४८७ डॉलर होते. खर्च या पातळीच्या आसपास असल्याने संशोधकांनी ही मोहीम किफायतशीर ठरविली.

किफायतशीर उपाय सरकारी तिजोरीला परवडतोच असे नाही. बहुतेक रुग्णांना औषध दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार टेनोफोविर हे जेनेरिक औषध दरमहा २.४ डॉलरला उपलब्ध आहे. परंतु अनेक देश त्यासाठी अधिक किंमत मोजतात. संघटनेने त्याच वर्षी उपचारांचे निकषही शिथिल केले. त्यामुळे औषधास पात्र रुग्णांची संख्या वाढणार आहे.

२०२२ मध्ये जगभरातील बाधितांपैकी केवळ १३ टक्के व्यक्तींचे निदान झाले होते, तर ३ टक्के व्यक्तींनाच औषधोपचार मिळाले होते. त्या वर्षीच्या नव्या संसर्गांपैकी ६३ टक्के आफ्रिका विभागातील होते.