कॅलरी ताटात कशी आली

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या वेस्लियन विद्यापीठाच्या एका इमारतीच्या तळघरात १८९६ साली माणसाला कोंडून ठेवण्याजोगी एक खोली तयार झाली. खोली कसली, एक मोठी पेटीच. आत एक माणूस आडवा होईल एवढी जागा, घडीची खाट, खुर्ची आणि मेज. आतून तांब्याचा पत्रा, बाहेरून भिंतींचे आणखी थर आणि थरांच्या मधे कोंडलेली हवा. आतली ऊब बाहेर निसटू नये आणि बाहेरची आत शिरू नये, यासाठी हा सगळा खटाटोप होता. माणूस आत गेला की दार घट्ट बंद व्हायचं. जेवण एका छोट्या झडपेतून आत जायचं आणि मलमूत्र तसंच बाहेर येऊन तपासणीला जायचं. नळ्यांमधून खेळवलेलं थंड पाणी त्याच्या अंगातून निघणारी उष्णता टिपून न्यायचं आणि ते पाणी किती तापलं याची नोंद रात्रंदिवस चालायची. त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडसुद्धा मोजला जायचा. कधी तो दिवसभर स्वस्थ पडून राहायचा, कधी जागच्या जागी सायकल मारायचा.

हा प्रयोग उभा केला होता रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांनी. आज बिस्किटांच्या पुड्यावर, दह्याच्या डब्यावर आणि वजन उतरवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जे आकडे दिसतात, त्यांचं मूळ या तळघरात आहे. ही कुळकथा सांगावीशी वाटते, कारण आज कॅलरीचा हिशेब आपण करतो तो वजन घटवण्यासाठी. ॲटवॉटरना मात्र थोड्या पैशांत कष्टकऱ्याचं पोट कसं भरेल, हे शोधायचं होतं.

कॅलरी हे एकक त्यांचं नव्हे. १८२०च्या आसपास पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ हे प्राध्यापक वाफेच्या इंजिनांवर व्याख्यानं देत. किती कोळसा जाळला म्हणजे किती उष्णता मिळते, हे सांगायला त्यांना एक माप हवं होतं. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागेल तेवढी उष्णता म्हणजे एक कॅलरी, असं त्यांनी ठरवलं. आहारातली कॅलरी तीच. म्हणजे हे माप आधी बॉयलरचं होतं, माणसाचं नंतर झालं.

माणसाला लावण्याची वाट त्याच्याही आधी मोकळी झाली होती. लाव्वाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात एक गिनीपिग बर्फाच्या वेढ्यात ठेवला, किती बर्फ वितळलं ते मोजलं आणि श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष काढला. लाव्वाझिए यांना १७९४ मध्ये गिलोटिनखाली जावं लागलं. त्यांचा विचार मात्र पुढे जर्मनीत रुजला. म्युनिकमध्ये कार्ल फॉन फॉइट आणि त्यांचे शिष्य माक्स रूबनर यांनी कुठल्या अन्नातून शरीराला किती उष्णता मिळते, याचं गणित मांडलं. ॲटवॉटर हे गणित तिथेच शिकून मायदेशी परतले.

त्यांचं खरं काम चिकाटीचं होतं. अन्नाचा नमुना पोलादी भांड्यात प्राणवायूच्या दाबाखाली जाळायचा आणि भोवतालचं पाणी किती तापतं ते पाहायचं, ही झाली पहिली पायरी. पण भांड्यात जे पूर्ण जळतं, ते शरीरात पूर्ण जळत नाही. प्रथिनांचा काही अंश युरियाच्या रूपाने लघवीतून जातो आणि प्रत्येक अन्नाचा थोडा भाग न पचता बाहेर पडतो. ॲटवॉटर यांनी ही सगळी वजाबाकी केली, सरासरी काढली आणि तीन सुटसुटीत आकडे दिले: एक ग्रॅम प्रथिनातून ४ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकातून ४ आणि एक ग्रॅम स्निग्धातून ९. सव्वाशे वर्षं होत आली तरी जगभरची वेष्टनं मुख्यतः याच आकड्यांवर चालतात. त्यांनी आणि चार्ल्स वुड्स यांनी १८९६ मध्ये अमेरिकन अन्नपदार्थांची जी कोष्टकं छापली, ती पुढच्या सगळ्या कोष्टकांची आजी म्हणायला हवीत.

कोष्टक हाती आल्यावर ॲटवॉटर यांनी मजुरांना सल्ला दिला: पैशाला जास्त ऊर्जा देईल ते घ्या. पीठ, घेवडा आणि स्वस्त मांस घ्या. हिरव्या भाज्या आणि फळं म्हणजे चैन. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे ते बरोबरच बोलत होते. जीवनसत्त्वं ही कल्पना यायला १९१२ साल उजाडायचं होतं. सगळं अन्न एकाच आकड्यात बसवलं की आकड्यात न मावणारं सुटून जातं, हा दोष या गणिताच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

वजन उतरवणं ही वेगळी शाखा होती आणि तिला कॅलरीची गरज पडली नव्हती. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाला पचायला जड पण पोषणाला हलकं अन्न द्यावं असं सांगितलं आहे आणि त्यात जव, कोद्रा, मूग, कुळीथ यांची नावं येतात. किती खावं याचं मापही तिथे पोटाचंच आहे: एक भाग घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक मोकळा, वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी. युरोपात १८६३ मध्ये विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाने एक चोपडी छापली. त्याच्या घराण्याचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. राजघराण्याचे अंत्यविधीही त्यांच्याकडे असत. बँटिंगचं वजन इतकं वाढलं होतं की जिना उतरताना त्याला उलटं चालत यावं लागे. कमी ऐकू येतं म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वींनी त्याला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला सांगितलं. सुमारे वर्षभरात तो वीसएक किलोंनी उतरला. त्याची चोपडी हातोहात खपली आणि कितीतरी देशांत पोचली. तिच्यात कॅलरी नव्हती. होती ती काय खावं आणि काय टाळावं याची यादी.

या दोन शाखांची गाठ पडली १९१८ मध्ये. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी वजनावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्या स्वतः कधी काळी शंभर किलोंच्या घरात होत्या आणि बरंच वजन उतरवून बसल्या होत्या. पावाचा काप, ‘पाय’ या पदार्थाचा तुकडा असं म्हणणं आता सोडा, इतक्या कॅलरीचा पाव आणि इतक्या कॅलरीचा ‘पाय’ असं बोला, ही शिकवण त्यांचीच. दिवसाला १२०० कॅलरी हा आकडाही त्यांनीच घरोघरी पोचवला. पहिलं महायुद्ध चालू होतं, धान्य वाचवा असा धोशा होता. स्थूल माणूस म्हणजे अंगातच अन्नाचा साठा करणारा, असं त्यांनी लिहिलं. विसाव्या शतकातलं आहारावरचं पहिलं तुफान खपलेलं पुस्तक हेच. हे पुस्तक मला बोचतं ते इथे: अन्नाच्या आकड्याला पाप-पुण्य त्यात जोडलं गेलं. एका बिस्किटावरून मनात अपराध दाटून येणं, हा वारसा तिथून आला आहे आणि तो अजून आपल्या अंगवळणी आहे.

भारतात कॅलरी आली ती उलट्या दारानं, भुकेच्या. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वॉलेस ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची कोष्टकं छापली. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आणि १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, ही त्यांची कसोटी. ज्या आकड्याने कॅलिफोर्नियात माणसं जेवण तोडत होती, त्याच आकड्याने पुण्यात कोणाला जेवण मिळत नाही हे मोजलं जात होतं.

आणि पुण्यातच या आकड्याला मुळापासून प्रश्न विचारला गेला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी दोन दशकं संख्याशास्त्राचं काम पाहिलं आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात आले. त्यांचं म्हणणं असं: एकाच माणसाची ऊर्जेची गरज ठाम नसते. तोच माणूस, तेच वजन आणि तेच काम असूनही एखाद्या आठवड्यात कमी खातो, एखाद्यात जास्त, आणि तरी वजन ढळत नाही. शरीर स्वतःचा खर्च आवरतं आणि सैल सोडतं. सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरवणं म्हणूनच चूक आहे. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हा वाद जोरात रंगला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन हेही सुखात्म्यांच्या विरोधात उभे राहिले. कमी खाऊन शरीर जुळवून घेतं असं म्हटलं की भुकेल्याच्या ताटातलं आणखी काढून घ्यायला निमित्त मिळेल, ही भीती त्यांना होती. ती भीती रास्त होती. गरिबीच्या धोरणात मी दांडेकर-गोपालनांच्या बाजूने आहे.

पण वजनाच्या प्रश्नात सुखात्म्यांचं निरीक्षण फार मोलाचं आहे आणि आज ते विसरलं गेलं आहे. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला सुमारे १५७० कॅलरी. त्यांचं वजन घटलंच, पण शरीराचा खर्च घटलेल्या वजनाच्या हिशेबापेक्षाही जास्त कमी झाला. मन अन्नाशिवाय दुसऱ्या कशात लागेना. कित्येक जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. १९५८ मध्ये मॅक्स विशनोफ्स्की या डॉक्टरांनी एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी असं गणित दिलं आणि रोज ५०० कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल, हे सूत्र सर्वत्र पसरलं. पहिले काही आठवडे ते साधारण जुळतं. पुढे शरीर खर्च आवरतं आणि सूत्र कोसळतं. त्या वेळी दोष स्वतःच्या निग्रहाला दिला जातो, सूत्राला नाही.

आकडेही वाटतात तितके काटेकोर नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बदाम खाऊ घालून मोजमाप केलं. ॲटवॉटरच्या सूत्राने २८ ग्रॅम बदामांत जवळपास १७० कॅलरी भरतात; शरीराला मिळाल्या १२९. उरलेल्या कॅलरी बदामाच्या न फुटलेल्या पेशींतून तशाच बाहेर गेल्या. मग आपल्या घडीच्या पोळीचं काय सांगावं? घराघरात तिचा आकार वेगळा, तेलाचं बोट वेगळं. भाजीची फोडणी कोणाची एका चमच्याची, कोणाची पळीभर. एका चहाच्या चमचाभर तेलात चाळीस कॅलरी. मोबाइलमधला ‘एक वाटी उसळ’ हा आकडा कोणाच्या वाटीचा आहे?

न मोजणाऱ्यांची शाखाही जोमात आहे. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांनी व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार सांगितला, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो पंचावन्न मिनिटांच्या नियमासह घराघरात नेला. ऋजुता दिवेकरांनी थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि हंगामातलं खा म्हटलं. दीक्षित आणि दिवेकर यांच्या पद्धती परस्परविरुद्ध आणि दोन्ही बाजूंना वजन उतरलेली माणसं. कॅलरी मोजायला मात्र दोघेही सांगत नाहीत. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी स्निग्ध, निम्म्यांना कमी कर्बोदकं. कॅलरीची मर्यादा कोणालाच नाही. भाज्या भरपूर, साखर-मैदा कमी, घरी शिजवलेलं खा, एवढंच. दोन्ही गटांत सरासरी पाच ते सहा किलो उतरले. पण त्याच गटांत कोणी तीसेक किलो घटलं तर कोणाचं वजन वाढलं. पुढच्याच वर्षी केव्हिन हॉल या संशोधकाच्या प्रयोगात दिसलं की कारखान्यात तयार होणाऱ्या अतिप्रक्रियित अन्नावर ठेवलेली माणसं, पोटभर खा म्हटल्यावर, रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खातात.

म्हणून माझं मत असं. कॅलरी हे पुष्कळ माणसांचं सरासरी माप आहे. सैन्याचा शिधा, शाळेतली खिचडी किंवा दारिद्र्याची रेषा यांना ते लागतंच. एका माणसाला ते ओळख करून घेण्यापुरतं वापरता येतं. मोजायचंच असेल तर दोन-तीन आठवडे मोजा आणि पोळी-भात राहू द्या. तेल, साखर, फरसाण, दाणे यांवर लक्ष ठेवा. दोन-दोन चमचे साखरेच्या चार चहांतली नुसती साखरच दीडशे कॅलरीच्या आसपास जाते, मूठभर शेंगदाणेही तेवढेच; हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा पाहावं लागत नाही. मग वही मिटून टाका, आठवड्यातून एकदा वजन करा आणि स्वयंपाकघरात काय येतं ते बदला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या ताटावर हे आकडे आणू नका. त्यांना भूक लागली की जेवायला वाढा आणि पोट भरलं म्हणाले तर आणखी एका घासाचा आग्रह करू नका.